हात तर सगळ्यांनीच पुढे केले होते



मैदानावरून हरून परतणारी पोरे वाटेत एकच प्रश्न विचारतात, "कुणामुळे हरलो?" कशामुळे हरलो, हे विचारणारा पोरगा विरळाच. या दोन प्रश्नांतला फरक वरवर लहान दिसतो. परंतु त्यापायी एका माणसाचे आयुष्य कसे पालटले, याची खरी हकिकत आज सांगायची आहे. ही हकिकत कुणा खेळाडूची नाही. तिकीट काढून सामना पाहायला गेलेल्या एका साध्या प्रेक्षकाची आहे.

गाव अमेरिकेतले शिकागो आणि खेळ बेसबॉलचा. आपल्याकडे हा खेळ फारसा पाहिला जात नाही, म्हणून आधी थोडी ओळख. क्रिकेटसारखाच हा चेंडू-दांडूचा खेळ. नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. त्यातून वरचे मोजके संघ ऑक्टोबर महिन्यात प्ले-ऑफला पोचतात. शेवटच्या फेऱ्यांत सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे जातो. सर्वांत शेवटची लढत म्हणजे वर्ल्ड सिरीज.

आणखी एक रीत ध्यानात ठेवा, कारण सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यावा लागतो. बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. म्हणून लहान मुले घरूनच हातमोजा घेऊन येतात. असा एक चेंडू मिळाला तर तो जन्मभर कपाटात जपून ठेवतात. चेंडू आपल्या दिशेने आला की प्रेक्षकाचा हात आपोआप वर जातो. ती लहानपणापासूनची सवय असते.

शिकागो कब्ज हा तिथला जुना संघ. त्यांचे रिगली फील्ड हे मैदान १९१४ साली बांधलेले, भर वस्तीत. मैदानाच्या भिंतीवर हिरवी वेल चढलेली आहे आणि समोरच्या घरांच्या गच्च्यांवर बसून लोक सामने पाहतात. या संघाने १९०८ साली वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्यानंतर जिंकणे जणू विसरूनच गेला. आजोबा वाट पाहून गेले, वडील वाट पाहून म्हातारे झाले, नातू तिकिटाच्या रांगेत उभा, अशी तिथल्या घराघरांतली स्थिती.

हार फार लांबली की माणूस कारण शोधण्याऐवजी शाप शोधतो. शिकागोलाही एक शाप सापडला. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बिली सियानिस नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक आपला पाळीव बकरा घेऊन मैदानात आला. बकऱ्याला वास येतो म्हणून त्यांना बाहेर काढले. त्याने रागाने शाप दिला म्हणे, आणि तेव्हापासून संघ हरतो म्हणे! अहो, हाच संघ १९१०, १९१८, १९२९, १९३२, १९३५ आणि १९३८ या सहा वर्षी वर्ल्ड सिरीज हरलेलाच होता. तेव्हा बकरा कुठे होता? पण हे कोण विचारणार? विमानात बसणारा, चंद्रावर माणूस पाठवणारा देश, आणि खेळातल्या पराभवासाठी बकऱ्याला जबाबदार धरतो.

आता त्या रात्रीकडे वळू. १४ ऑक्टोबर २००३. समोर फ्लोरिडा मार्लिन्सचा संघ. कब्जने तीन सामने जिंकलेले, मार्लिन्सने दोन. हा सहावा सामना जिंकला की १९४५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज. मैदानात ३९ हजारांवर माणसे आणि बाहेर रस्त्यावर हजारो. आठवा डाव सुरू झाला तेव्हा कब्ज ३-० ने पुढे होते. मार्लिन्सचा एक गडी बाद झाला. आणखी पाच गडी बाद करायचे, की अठ्ठावन्न वर्षांचे स्वप्न पुरे होणार. लोक उभे राहिले होते. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल.

त्या गर्दीत मैदानालगतच्या पहिल्याच ओळीत एक तरुण बसला होता. डोक्यावर कब्जची टोपी, कानाला रेडिओ. समोर सामना चालू असतानाही रेडिओवर वर्णन ऐकणारा, असा पक्का चाहता. त्याचे नाव पुढे साऱ्या देशात छापून आले. मी ते इथे लिहीत नाही. त्या नावाला पुष्कळ भोगावे लागले आहे, आपण त्यात आणखी भर कशाला घालावी?

मार्लिन्सच्या लुईस कॅस्टिलोने मारलेला चेंडू डावीकडच्या रेषेबाहेर उंच गेला आणि थेट त्या कठड्याशी उतरू लागला. कब्जचा मोइझेस अलू धावत आला आणि कठड्याशी त्याने उडी घेतली. वरून प्रेक्षकांचे हात पुढे झाले. एक नाही, अनेक. चेंडू लागला तो मात्र या तरुणाच्या हाताला, आणि उडाला. अलूने संतापून हात झटकले. पंचांनी नियम पाहिला. चेंडू कठड्याच्या आत, प्रेक्षकांच्या बाजूला आलेला होता आणि तिथे प्रेक्षकाला हात लावण्याची मुभा असते. पंचांच्या लेखी त्याचा काहीही गुन्हा नव्हता.

आता जमाखर्च मांडून पाहू. त्या चेंडूने मार्लिन्सला एकही धाव मिळाली नाही. कॅस्टिलो फक्त बाद व्हायचा राहिला. त्यानंतर कब्जच्या पिचरने त्याला फुकटचा बेस दिला. पुढच्या फलंदाजाने फटका मारला आणि पहिली धाव आली. मग एक सोपा चेंडू थेट शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्स गोन्झालेझकडे गेला. तो नीट धरला असता तर दोन गडी एकदम बाद होऊन डाव तिथेच संपण्याजोगा होता. इतका भरवशाचा खेळाडू, पण चेंडू त्याच्या हातून निसटला. मग फटक्यांवर फटके बसले. पिचर बदलले, तरी धावा थांबेनात. एका डावात आठ धावा झाल्या आणि कब्ज ८-३ ने हरले.

आठ धावांच्या या खात्यात त्या तरुणाच्या नावावर किती निघतात? एकही नाही. पण जमावाला हिशेब नको होता, माणूस हवा होता. मैदानात तेव्हा झालेला प्रसंग पुन्हा दाखवणारा मोठा पडदा नव्हता. घरी दूरदर्शनवर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि तिथून फोनवरून बातमी आत पोचली. मग हजारो तोंडांतून एकाच वेळी शिव्या सुरू झाल्या. बिअरचे पेले, खाद्यपदार्थ त्याच्या अंगावर येऊ लागले. तो तरुण समोर नजर लावून गप्प बसून राहिला. शेवटी सुरक्षारक्षकांनी त्याला चेहरा झाकून बाहेर नेले. काय विचार येत असतील त्याच्या मनात? सकाळी तो आनंदाने घरून निघाला असेल. याच लोकांबरोबर उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्या शेजारी ज्यांनी हात पुढे केले होते, ते मात्र गर्दीत मिसळून गेले. चार बोटांचा फरक पडला असता तर त्यांच्यापैकी कुणावरही ही पाळी आली असती.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना झाला. तो तरुण मैदानावर नव्हता. कब्ज मध्येच ५-३ ने पुढे गेले, आणि तरीही ९-६ ने हरले. एवढ्यावर तरी लोकांनी शहाणे व्हायचे! पण त्याच्या घराबाहेर पोलीस बसवावे लागले. त्याने निवेदन काढून मनापासून माफी मागितली. माझी नजर चेंडूवर खिळली होती, अलू मला दिसलाच नाही, असे सांगितले. तरी त्याचा छळ थांबला नाही. फ्लोरिडाच्या राज्यपालांनी त्याला आपल्या राज्यात आश्रय देण्याची थट्टा केली. मोठी माणसेही त्याच्यावर हसली.

तो चेंडू पुढे लिलावात गेला. शिकागोच्या एका उपाहारगृहाच्या मंडळींनी तो १ लाख १३ हजार डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये लोकांसमोर स्फोट करून उडवला. का, तर शाप जावा म्हणून. आपल्याकडे उतारा टाकतात, त्यांनी स्फोट केला.

त्या तरुणाने काय केले, तेही ऐका. मुलाखतींसाठी, जाहिरातींसाठी त्याच्यापुढे मोठ्या रकमा ठेवल्या गेल्या. त्याने एक पैसा घेतला नाही. फ्लोरिडाच्या लोकांनी खुशीने पाठवलेल्या भेटवस्तू त्याने बालमधुमेहाच्या संशोधनासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे वळवल्या. स्वतःवर अन्याय होत असताना दुसऱ्याच्या आजारी लेकराची आठवण ठेवायला मन मोठे लागते.

मग कब्ज जिंकले कधी? चेंडू उडवल्यावर आणखी बारा हंगाम गेले. २०११ साली संघाचा कारभार नव्या माणसांकडे आला. त्यांनी कुवतीची तरुण पोरे हेरली, काही वर्षे हार सोसली आणि संघ घडवला. २ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री क्लीव्हलंडमध्ये दहाव्या डावात ८-७ असा विजय मिळाला. १०८ वर्षांनी! तेव्हा ना बकऱ्याचा शाप आडवा आला, ना कुणा प्रेक्षकाचा हात.

२०१७ साली संघाने त्या प्रेक्षकाला विजेत्यांची अंगठी सन्मानाने दिली. चौदा वर्षे उशीर झाला, पण दिली. ती स्वीकारताना त्याने कुणावर राग काढला नाही. खेळाकडे करमणूक म्हणून पाहा आणि एका माणसाच्या माथी सारा दोष मारू नका, एवढाच त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

आपल्या भाषेत याला 'बळीचा बकरा' म्हणतात. शिकागोकरांनी आधी खरोखरचा बकरा धरला आणि मग माणूस धरला. त्यांना हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकावावे. घरात नवी सून आली आणि त्याच सुमारास कुणाची नोकरी गेली, कुणी आजारी पडले, की "पांढऱ्या पायाची" म्हणून मोकळे होणारे लोक आजही आहेत. कारखाना का बंद पडला, औषध वेळेवर का मिळाले नाही, हे कुणी विचारत नाही. कारण ते विचारायला डोके लागते आणि कधी कधी स्वतःची चूकही कबूल करावी लागते. बोट दाखवायला फक्त बोट पुरते.

तेव्हा माझी एक विनंती आहे. उद्या तुमचा पोरगा हरून घरी आला आणि म्हणाला, "बाबा, त्या अमक्यामुळे हरलो," तर त्याला जवळ बसवा. धावा कुठे गेल्या, झेल किती सुटले, सराव किती झाला, हे सारे त्याच्याकडून पाटीवर मांडून घ्या. आणि मग त्या अमक्या पोरालाही घरी बोलावून दोघांना एका ताटात जेवू घाला.