अंधाराची वहिवाट

जमिनीच्या कज्जात ‘वहिवाट’ या शब्दाला मोठे वजन असते. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, ज्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या गाडीबैल गेले ती वाट काटेरी फांद्या टाकून एकाएकी बंद करण्याची मुभा कोणताही तहसीलदार सहसा देत नाही. अरण्यातील अंधाराकडे मी याच दृष्टीने पाहत आलो आहे. त्याचा सातबारा कोणाच्याच नावे नाही. वहिवाट मात्र निःसंशय सांबराची, अस्वलाची, रातव्याची आणि वाघाची आहे, आणि कॅमेरा व तिपाई घेऊन आकाशगंगेच्या शोधात रानात जाणारे आम्ही जे लोक, त्यांचा तेथील प्रवेश हा फार तर एका रात्रीपुरता मिळालेला परवाना आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, या छंदाला आता महाराष्ट्रात राजमान्यता मिळाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पास ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा प्राप्त झाला; भारतातील तो पहिला आणि आशियातील पाचवा. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड केवळ जमिनीकडे पडेल अशी तजवीज करण्यात आली, आणि आकाशदर्शनासाठी वाघोलीला मनोऱ्याची सोय झाली. याच अरण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर श्वापदांना खालून ये-जा करता यावी म्हणून ९ ठिकाणी मार्ग ठेवले आहेत, आणि वाहनांचा आवाज व प्रकाश रानात शिरू नये म्हणून बाजूंना भिंतीसारखे अडसरही उभारले आहेत. उजेड हाही एक उपद्रव असू शकतो ही गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली, हे मला त्या दर्जाइतकेच मोलाचे वाटते. आता प्रश्न उरतो तो आमचा, म्हणजे त्या अंधाराच्या लोभाने तेथे जाणाऱ्यांचा.

आकाशगंगेचा जो भाग सर्वांत तेजस्वी व घनदाट, तो वृश्चिकाच्या नांगीतील मूळ नक्षत्र आणि धनू राशी यांच्या आसपास येतो. चैत्र अमावास्येच्या सुमारास तो रात्री अकरानंतर आग्नेयेस उगवतो आणि पहाटे चारच्या सुमारास विदर्भातून पाहिल्यास दक्षिणेस सुमारे ४० अंश उंचीवर येतो. पुढे ज्येष्ठापासून ढग दाटतात आणि हा योग पावसाळाभर हुकतो. म्हणून छायाचित्रकारांची सारी धडपड उन्हाळ्यातील या मोजक्या अमावास्यांभोवती चालते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे २४ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे २० सेकंदांहून अधिक काळ पडदा उघडा ठेवल्यास ताऱ्याचा ठिपका ताणला जाऊन त्याची रेघ होते. त्या २० सेकंदांत जेवढा प्रकाश गोळा होईल तेवढाच आपला. आणि पेंचहून दक्षिणेकडे पाहताना क्षितिजावर नागपूरची जी फिकट नारिंगी आभा दिसते, ती नेमकी मूळ नक्षत्राच्या पायथ्याशीच येऊन बसते. अंधाराची किंमत या छायाचित्रकारांएवढी दुसऱ्या कोणास ठाऊक असेल असे वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या हातून होणारा प्रमाद मला अधिक लागतो.

तो प्रमाद असा: केवळ आकाशाच्या चित्रावर समाधान होत नाही, त्याखाली एखादा वठलेला ऐन, एखादा मोह, एखादी शिळा उजळलेली दिसावी असे वाटते. मग पडदा उघडा असताना विजेरीचा झोत त्या झाडावर दोन-तीन सेकंद फिरवला जातो. हे मी दुसऱ्याविषयी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पेंचच्या बाहेरच्या पट्ट्यातील एका बोडीच्या काठी मी स्वतः असा झोत टाकला होता. समोर अर्जुनाचे झाड होते आणि त्याच्या पलीकडे पाणी आहे याचा मला विसर पडला होता. झोत फिरताच पाण्याच्या कडेला आधी दोन हिरवट डोळे पेटले आणि त्यांच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणखी दोन. सांबराची मादी जागच्या जागी थिजली. मी घाबरून विजेरी बंद केली, त्याबरोबर ‘पोंक’ असा एकच आवाज झाला, आणि मग चिखलात कोणीतरी धडपडत असल्याचा, खुर रुतल्याचा, पुन्हा उपसल्याचा तो आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मादी एका अंगाला गेली होती आणि पिल्लू दुसऱ्या. छायाचित्र उत्तम उतरले. ते मी आजवर कोणास दाखवलेले नाही.

त्या रात्री काय घडले याचा उलगडा पुढे झाला. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींना आपल्या डोळ्यात पूर्ण सज्ज होण्यास अर्धा तास लागतो आणि एका झोताने ती सज्जता क्षणात नाहीशी होते. सांबराच्या डोळ्यात तर दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो, जो आलेला प्रकाश परतवून पुन्हा त्या पेशींवर टाकतो. डोळे चमकतात ते त्यामुळेच. ताऱ्यांच्या उजेडात वाट शोधणारा तो डोळा विजेरीपुढे आपल्या डोळ्याहून अधिक असहाय होतो, आणि ज्या रानात वाघ आहे तेथे काही मिनिटांचे आंधळेपण ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. प्राण्यांना आकाशाशी काय कर्तव्य, असे म्हणणाऱ्यांना मी शेणकिड्याचे उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेतील एक शेणकिडा आपला गोळा सरळ रेषेत ढकलत नेताना आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतो, हे मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी किड्यांच्या डोक्यावर इवल्याशा टोप्या घातल्या, तेव्हा ते भरकटले. जी आकाशगंगा टिपण्यासाठी आपण इतका खटाटोप करतो, ती कुणाच्या तरी रोजच्या वापरातील आहे.

पूर्वसूरींनी झोत वापरले नाहीत असे नाही. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधून, ती ओढली जाताच लखलखाट होईल अशा युक्तीने छायाचित्रे घेतली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले. परंतु ज्या काळी वाघ दिसला की बंदूक उचलायची हाच रिवाज होता, त्या काळी त्या लखलखाटाने वाघाचे प्राण वाचले असे म्हणता येईल. आज त्या सबबीचा आधार आपल्याला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो सद्‌हेतूने येतो: रानात दिवा न लावणे म्हणजे जिवाशी खेळ. रात्री पायी हिंडायचे असेल तर ते खरेच आहे. पण हिंडायचेच कशाला? आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजण्याची वनखात्याची जुनी रीत होती, आणि आता निसर्गानुभव म्हणून ती चालू आहे. तिचे नियम साधे. दिवस मावळण्यापूर्वी वर चढायचे, उजाडल्यावर खाली उतरायचे. अत्तर नाही, भडक वस्त्र नाही, विजेरी नाही, बोलणे नाही. पौर्णिमेसाठी जी शिस्त आपण पाळतो तीच अमावास्येस लागू करावी, एवढीच माझी मागणी आहे. आकाशाचे छायाचित्रण ठरावीक मनोऱ्यांवरूनच व्हावे, झाडांवर झोत टाकण्यास स्पष्ट मनाई असावी, कॅमेऱ्यामागचा उजळणारा स्क्रीनही झाकलेला असावा, आणि सोबत त्याच गावचा वाटाड्या पुऱ्या रात्रीच्या मेहनतान्यावर असावा. झाड दिसायलाच हवे असेल त्याने संधिप्रकाशात, कॅमेरा न हलवता, त्याचे वेगळे चित्र घ्यावे आणि पुढे दोन्ही जुळवावीत. हे काम आज घरबसल्या होते.

नियमांत आणखी एक कलम असावे, आणि माझ्या मते ते सर्वांत निकडीचे आहे. आकाशगंगेचा हंगाम आणि मोहफुलांचा हंगाम एकच. फुले टपटपतात ती उत्तररात्री व पहाटे, म्हणजे आपल्या चित्रांच्या ऐन घटकेस. त्यांच्या गोड वासावर अस्वले येतात, चितळ येतात, आणि उजाडण्याआधी टोपल्या घेऊन गावच्या बायाही येतात. अशा वेळी अस्वलाशी गाठ पडून माणसे जखमी झाल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यास वाचाव्या लागतात. रानातील अरुंद वाटेवरून, मुक्कामी परतण्याच्या घाईत, पहाटे चार वाजता डोळे दिपवणारे दिवे लावून मोटार हाकणे म्हणजे अस्वलाला बिथरवून त्या बायांच्या अंगावर घालणे होय. मोहाच्या दिवसांत मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत या वाटांवर पर्यटकांचे एकही वाहन असू नये.

गेल्या चैत्रात मी असाच एका मनोऱ्यावर रात्रभर बसलो होतो. तीनच्या सुमारास खालच्या मोहाखाली फुरफुर आणि चपचप असा आवाज सुरू झाला. वर मूळ नक्षत्र, खाली न दिसणारे अस्वल. ते तासभर खात होते. पूर्व फटफटली तेव्हा ते निघून गेले होते, आणि टोपली कमरेला घेतलेली एक म्हातारी त्याच झाडाखाली येऊन, त्याने शिल्लक ठेवलेली फुले वेचू लागली. मी उतरलो तो तिची टोपली भरल्यावर.