जंताचे औषध आणि शेळीचे वजन



शेळ्यांना जंताचे औषध पाजण्याची आपल्याकडील पुष्कळ घरांची रीत एकच असते. पावसाळ्याच्या आगेमागे बाजारातून बाटली येते, सगळा कळप दाराशी उभा केला जातो आणि बाटलीच्या बुचाने किंवा घरातल्या चमच्याने प्रत्येक जनावराच्या तोंडात सारखेच औषध ओतले जाते. मोठा बोकड, दुभती शेळी, चार महिन्यांचे करडू, सगळ्यांना एकच माप. औषध पाजले म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत असते.

माझे स्पष्ट मत आहे की वजन न करता पाजलेले औषध पुष्कळदा न पाजल्यासारखेच असते, आणि कित्येकदा त्याहूनही वाईट. तसे का, ते सांगतो.

शेळीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तिच्या चौथ्या पोटात राहणारा रक्तपिता जंत. बोटाच्या पेराएवढा हा किडा आतल्या अस्तराला चिकटून रक्त पितो. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, पावसाच्या ओलीत त्यांतून अळ्या निघतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. पोटात असे हजार जंत असले तर शेळीचे रोज सुमारे 50 मिलिलिटर रक्त जाते. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळे मिळून रक्त असते पावणेदोन लिटरच्या आसपास. आता हिशोब आपणच करावा. पापण्यांची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते, आणि एका सकाळी शेळी उठत नाही. ज्या घरात बँकेचे पुस्तक नाही, त्या घरात दवाखान्याचा खर्च आणि शाळेची फी शेळीच भरते. म्हणून ही गोष्ट लहान समजू नये.

आता चमच्याचा हिशोब पाहू. अल्बेंडाझोलचे जे पातळ औषध साधारणपणे मिळते, त्यात एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध असते. पशुवैद्याने शेळीला किलोमागे 10 मिलिग्रॅम सांगितले, तर किलोमागे 0.4 मिलिलिटर होते. म्हणजे पंधरा किलोच्या पाठीला 6 मिलिलिटर, पंचवीस किलोच्या शेळीला 10 आणि सदतीस किलोच्या बोकडाला 15 मिलिलिटर. सगळ्यांना सरसकट 8 दिले, तर पाठीला तिसऱ्या हिश्श्याने जास्त, शेळीला पाचव्या हिश्श्याने कमी आणि बोकडाला जेमतेम निम्मे मिळाले. बाटली संपली, पैसे गेले, आणि तीनपैकी एकालाही योग्य माप मिळाले नाही.

कमी औषधाने नुकसान होते ते पुढे. अर्ध्या मापाने दुबळे जंत मरतात आणि जे औषधाला दाद देत नाहीत तेच उरतात. पुढची सगळी अंडी त्यांची. चार-सहा पावसाळ्यांत असा वाण तयार होतो की पुरे माप दिले तरी तो मरत नाही. हे केवळ भय दाखवणे नाही. थायाबेंडाझोल हे औषध 1961 साली आले आणि 1964 मध्येच अमेरिकेत त्याला न जुमानणारा रक्तपिता जंत सापडला. भारतात मेंढ्यांमध्ये अशी नोंद 1976 साली झाली. आयव्हरमेक्टिन 1981 पासून जनावरांसाठी विकले जाऊ लागले. त्याच्या शोधाला 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण तोवर अनेक देशांतल्या जंतांनी त्यालाही दाद देणे सोडले होते. मोनेपँटेल हे नवे औषध न्यूझीलंडमध्ये 2009 साली आले, आणि 2013 साली तिथल्याच एका शेळ्यांच्या फार्मवर ते निकामी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. औषधांच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्या आपण अंदाजाने वापरून वाया घालवीत आहोत.

यात शेजाऱ्याचाही प्रश्न आहे. बागलीकडचे डोंगर असोत की मनावर-कुक्षीचा निमाडी पट्टा, गावच्या शेळ्या एकाच माळावर चरतात. माझ्या शेळीच्या लेंड्यांतून पडलेला निबर जंत उद्या शेजारणीच्या शेळीच्या पोटात जाणार. तिने औषध मापून पाजले असले तरी तिला माझ्या आळसाचा दंड भरावा लागेल. सामाईक विहिरीत कोणी घाण टाकत नाही, तसाच हा सामाईक माळाचा नियम समजावा.

कोणी म्हणेल, आमचा अंदाज चुकत नाही, जन्म गेला शेळ्यांत. अनुभवाचा मान राखूनही मला हे पटत नाही. भरल्या पोटाची शेळी जड दिसते, दाट केसांची मोठी दिसते, आणि रोज डोळ्यांसमोर असलेले करडू केव्हा वाढले ते कळत नाही. शिवाय जुन्या माणसांचा अंदाज कित्येकदा शेर-मणात असतो. मण म्हणजे सुमारे सव्वासदतीस किलो. बाटलीवरचे माप मात्र किलोचेच असते. बाजारातला व्यापारी बोकड हाताने उचलून वजन सांगतो, हे खरे. पण तो विकत घ्यायला आलेला असतो, त्याचा अंदाज कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला नको.

उत्तम उपाय म्हणजे ताणकाटा. पोत्याला चार पायांसाठी भोके पाडून झोळी करावी, काटा झाडाच्या फांदीला टांगावा आणि शेळी झोळीत घालून उचलावी. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. शेळी सपाट जागी, मान सरळ ठेवून उभी करावी. सकाळी चरायला सोडण्यापूर्वी मोजलेले बरे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा. टेप अंगाला लागलेली असावी, पण आवळू नये. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला हाताला लागणाऱ्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही मापे इंचात. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. उत्तर किलोत येते.

घेर 26 इंच आणि लांबी 24 इंच असेल, तर 26 गुणिले 26 म्हणजे 676. त्याला 24 ने गुणले की 16,224. भागिले 660, म्हणजे सुमारे साडेचोवीस किलो. शाळेत जाणारी मुलगी हा हिशोब दोन मिनिटांत करील, आणि तिच्याकडूनच करून घ्यावा. गाभण शेळी आणि अगदी लहान करडू यांच्या बाबतीत हे गणित चुकू शकते. इतरांतही एक-दोन किलोचा फरक पडतो. तरी नजरेच्या अंदाजापेक्षा ते पुष्कळ बरे.

वजन कळल्यावरही चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, बाटलीवर पुष्कळदा मेंढीचे माप छापलेले असते. शेळीचे शरीर कित्येक औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून तिला अनेकदा जास्त माप लागते. पण किती, हे पशुवैद्यालाच विचारावे. लेव्हामिसोल जास्त झाले तर शेळी लाळ गाळते, थरथरते, दगावतेही. क्लोसँटेल फार झाले तर दृष्टी जाऊ शकते. दुसरी, गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. तिसरी, औषध सुई नसलेल्या पिचकारीने, जिभेच्या मागच्या भागावर सावकाश सोडावे. मान वर ओढून ओतले तर ते फुप्फुसात जाते. चौथी, औषधानंतर किती दिवस दूध व मांस खायचे नाही, ते विचारून पाळावे.

आणखी एक सवय मोडली पाहिजे, ती म्हणजे सरसकट पाजण्याची. पापणी उलटून पाहावी. आतली बाजू लालसर असेल, शेळी अंगाने भरलेली आणि तरतरीत असेल, तर तिला औषध देण्याची घाई नको. फिकट पापणीच्या शेळीला मात्र पुऱ्या मापाने द्यावे. निरोगी शेळ्यांच्या पोटात जे साधे जंत राहतात, त्यांची अंडी माळावर पडत राहतात, त्यामुळे निबर जंतांचेच राज्य होत नाही. दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ताच यासाठी तयार केला आहे. औषध दिल्यावर दहा-चौदा दिवसांनी लेंड्या तपासून घेतल्या तर औषध लागू पडते की नाही तेही कळते. आपल्याला महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातही विचारता येईल.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीने वर्गणी काढून पन्नास किलोचा एक ताणकाटा, एक टेप, एक पिचकारी आणि एक वही घ्यावी. रविवारी मिस्सा झाल्यावर माणसे जमतातच, तेव्हा ठरवून घ्यावे की काटा कोणाकडे राहील आणि वही कोण लिहील. बहुतेक घरांत शेळ्या बायकाच सांभाळतात, तेव्हा हे काम त्यांच्याच हाती असावे. वहीत शेळीची खूण, तारीख, वजन, औषधाचे नाव आणि माप एवढे लिहिले तरी पुरे. याचा दुसरा लाभ असा की बाजारच्या दिवशी बोकड उक्ता विकताना आपल्याला त्याचे वजन ठाऊक असेल, आणि एका सौद्यात काट्याची वर्गणी वसूल होईल.

औषधाची बाटली आपण पैसे मोजून आणतो. ती पाजताना शेळीही मोजावी, एवढेच सांगणे.