शिक्क्याखालचा आकडा

मैत्रिणींनो, परवा शेजारच्या काकू नवा कुकर दाखवायला आल्या. पाच लिटरचा, चकचकीत, आणि मनमाडच्या बाजारात सांगतात त्यापेक्षा चांगला तीनशे रुपयांनी स्वस्त! दारावर आलेल्या माणसाकडून घेतला होता. मी तो हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला.

"अगं, भोक आहे का बघतेस?" काकू हसल्या.

भोक नव्हतं. पण बुडाशी नुसतीच आय.एस.आय.ची खूण होती, वरखाली एकही आकडा नाही.

खरी खूण अशी एकटी कधी नसते, बरं का. तिच्या डोक्यावर त्या वस्तूच्या मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी २३४७. पायाशी 'सीएम/एल' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा कारखान्याचा परवाना क्रमांक असतो. १९४७ साली स्थापन झालेली ती संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो झाली, खूण मात्र जुन्याच नावाची राहिली. कुकरला ही खूण २०२१ पासून सक्तीची आहे. आत वाफ असताना झाकण उघडू नये, शिट्टी अडली तर सुरक्षेचा व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट मिळावी, अशा गोष्टी तपासूनच ती देतात. ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं अॅप मोबाईलवर घेऊन त्यात परवाना क्रमांक घातला की कारखान्याचं नाव-गाव समोर येतं. नाही आलं तर समजून जा.

तुम्ही म्हणाल, हिला आकड्यांचं एवढं काय वेड? त्याला कारण आहे आमच्या अण्णांची द्राक्षं.

२०१० साल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माहेर निफाड तालुक्यातलं, बाग दोन एकरांची. युरोपला माल पाठवायचा तर बाग कृषी खात्याकडे नोंदवावी लागते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुन्याला घड कापून नेतो. औषधांचे अंश मर्यादेत भरले तर अॅगमार्कचा दाखला मिळतो आणि मगच कंटेनर हलतो. अण्णांचा रिपोर्ट पास झाला होता. आईनं तो कागद देव्हाऱ्याशी ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

आणि युरोपात पोचल्यावर तिकडच्या तपासणीत भारतातल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपले शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. वेलीची नुसती वाढ आवरावी आणि घड चांगला धरावा म्हणून छाटणीनंतर ते मारत. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आणि आपल्याकडे ज्या औषधांसाठी तपासणी व्हायची, त्या यादीत हे नावच नव्हतं! पेपरात न आलेल्या प्रश्नावर मुलाला नापास करावं, तसं झालं. माल अडकला, भाव कोसळले. अण्णांचा माल ज्यानं उचलला होता त्यानं अर्धे पैसे आधी दिले होते, उरलेल्यांसाठी हात वर केले.

तेव्हा मला युरोपवाल्यांचा फार राग आला होता. आता तेवढा येत नाही. १९९५ पासूनच्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानं प्रत्येक देशाला अन्नाच्या सुरक्षेचे आपले नियम करता येतात. फक्त त्यांना शास्त्राचा आधार हवा आणि नवे नियम इतर देशांना कळवायला हवेत. म्हणजे ते कुणीतरी वेळेवर वाचून आपल्या यादीशी ताडून बघायला हवं होतं. पुढे सीसीसी आपल्या यादीत आलं. पण तोवर सोसायटीचा हप्ता तर थांबणार नव्हता.

आईनं पाटल्या काढून दिल्या. लग्नातल्या, बावीस कॅरटच्या म्हणून आजोबांनी केलेल्या. सोनारानं त्या आटवल्या आणि हिशेब लावला तो अठराच्या आसपास! आई काही बोलली नाही. येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "तुझ्या आजोबांना कुणी फसवलं असेल गं? की त्यांना ठाऊक होतं?" त्याचं उत्तर आता कुणाजवळ नाही.

दागिना घेताना म्हणूनच तीन गोष्टी दुकानातल्या भिंगातून स्वतः बघा. ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तोही त्याच अॅपवर पडताळता येतो. दुकानदार "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाला तर खुशाल हसावं आणि भिंग मागावं. घरातले जुने दागिनेही हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तपासून मिळतात. मोडायची वेळ येण्याआधी तपासलेले बरे.

एक मात्र मनात राहतं. परदेशी जाणाऱ्या घडाची एवढी कसून तपासणी, आणि आपण हातगाडीवरून किलोभर घेतो त्याला कोण विचारतं? मी तरी द्राक्षं भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुते. सगळं निघतं असं नाही, पण वरवरचं तरी जातं.

काकूंचा तो कुकर परत करायला दारावरचा माणूस काही पुन्हा आला नाही. मीच त्यांना गॅसवर चढवू नका म्हणून विनवलं. आता तो त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे, शिट्टी काढून टाकलेला. त्यात रेशनचा तांदूळ असतो.