सगळं आरजीबी करून टाकू नका!

मंडळी, या वीकएंडचा विषय वरवर रुक्ष आहे. हजारो इमेज फायलींमधल्या ग्रेस्केल कुठल्या, आरजीबी कुठल्या आणि सीएमवायके कुठल्या, हे ओळखायचं कसं? पण मार्कंड्याचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना तो तितका रुक्ष वाटणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहते तिथे हा देवळांचा समूह आहे. 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात त्याला (मला ही उपमा बिलकुल आवडत नाही, पण असो). १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅमने इथल्या देवळांच्या नोंदी केल्या. अलीकडे मुख्य देवळाचे दगड दुरुस्तीसाठी उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

अशा कामात दगडांना क्रमांक घालतात, नकाशे करतात. तरी जुने फोटो हा वेगळाच पुरावा असतो. पावसाचा काळा ओघळ वरच्या दगडावरून खालच्यावर उतरलेला दिसतो, शेवाळाचा हिरवट डाग सांधा ओलांडून पुढे जातो. ग्रेस्केल स्कॅनमध्ये डाग शेवाळाचा की काजळीचा, ते कळत नाही.

आता असे फोटो लोकांकडून गोळा केले तर काय येईल? डिजिटल कॅमेऱ्याच्या जेपेग, स्टुडिओतल्या स्कॅनच्या टिफ, आणि कुणाच्या तरी स्मरणिकेसाठी प्रेसला पाठवलेल्या सीएमवायके फायली. नावावरून काही कळत नाही. एकेक फाईल फोटोशॉपमध्ये उघडत बसलात तर पुढची महाशिवरात्रीची जत्रा येईल :-)

खरं तर फाईल पूर्ण उघडायची गरजच नाही. टिफमध्ये २६२ क्रमांकाचा टॅग बघा: ० किंवा १ म्हणजे ग्रे (किंवा निव्वळ काळं-पांढरं), २ आरजीबी, ३ पॅलेट, ५ सीएमवायके. जेपेगमध्ये हेडरात घटकांची संख्या असते: १ ग्रे, ३ रंगीत, ४ बहुधा सीएमवायके. पायथनमधली पिलो लायब्ररी फाईल उघडताना फक्त हेडर वाचते आणि मोड सांगते, म्हणून भलंमोठं फोल्डरही भराभर संपतं. स्वतःच बाइट शोधायचे असतील तर एक गोची आहे. एक्झिफमध्ये छोटी थंबनेल म्हणून दुसरी जेपेग दडलेली असते आणि घाईत तिचंच हेडर हाती लागतं. प्रत्येक सेगमेंटची लांबी वाचून उड्या मारत जा.

आणि मोडवर आंधळा विश्वास नको. कृष्णधवल फोटो रंगीत म्हणून स्कॅन केला तर फाईल आरजीबीच म्हणते.

इथवर सगळे 'हो हो' म्हणतात. मग कुणीतरी एका ओळीची कमांड चालवतो, सगळं आरजीबी करतो आणि मूळ फायली उडवतो. जागा वाचली म्हणे! माझा वाद इथे आहे. सीएमवायके फाईलमध्ये छपाईच्या शाईला न जमणारे रंग आधीच छाटलेले असतात. ती आरजीबी केल्याने ते परत येत नाहीत, उलट ही प्रेसची प्रत होती ही खूणच पुसली जाते. नंतर कुणी त्या फोटोवरून दगडाची छटा जुळवायला बसला, तर तो कॅमेऱ्याचा रंग समजून शाईचा रंग जुळवत बसेल. शिवाय फोटोशॉपच्या सीएमवायके जेपेगमध्ये आकडे उलटे साठवलेले असतात. सॉफ्टवेअरने ते ओळखलं नाही की देऊळ निगेटिव्हसारखं दिसतं.

वेबसाईटला आरजीबी लागतं, मान्य. मग करा ना प्रत, वेगळ्या फोल्डरात. मूळ फाईल तशीच ठेवा, तिचा मोड आणि कलर प्रोफाईल यादीत एकेका रकान्यात लिहा. आणि सीएमवायके फाईल सापडली की ज्याने दिली त्याला फोन करून विचारा, "दादा, प्रेसला द्यायच्या आधीची फाईल आहे का अजून?"