ग्रुप एक, कंपन्या तीन: खराडीतल्या फ्रीलान्सरचा हिशोब कुठे चुकतो?

समजा, खराडीतल्या ईऑन आयटी पार्कमध्ये ऑफिस असलेल्या एका ग्रुपसाठी एक फ्रीलान्स डिझायनर काम करते. काम सांगणारी टीम एकच, पण बिलं ग्रुपमधल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने जातात. वर्षभरात प्रत्येकीकडून ४५ हजार, म्हणजे एकूण १ लाख ३५ हजार रुपये मिळाले. यावर टीडीएस किती कापला जाईल?

शून्य.

व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस एका कंपनीने वर्षभरात दिलेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली तरच कापावा लागतो. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. मालक एकच असला तरी प्रत्येक कंपनीचा पॅन आणि टॅन वेगळा, त्यामुळे मर्यादाही वेगळी मोजतात. हेच पैसे एकाच कंपनीने दिले असते, तर १३,५०० रुपये कापले गेले असते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि जुनं कलम १९४जे आता कलम ३९३ मध्ये गेलं, पण गणित तेच आहे.

काम खरोखर तीन कंपन्यांचं असेल तर यात गैर काही नाही. एकाच कंपनीच्या कामाची बिलं मुद्दाम तोडली असतील, तर टीडीएस न कापल्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागू शकतं.

मग हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं नाही का?

दाखवायचंच. टीडीएस नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त, हा गैरसमज महागात पडतो. असे पैसे एआयएसमध्ये दिसतीलच असं नाही, पण तिन्ही कंपन्यांच्या खर्चात ते नोंदलेले असतात. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त निघत असेल, तर अॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. नाहीतर व्याज लागतं.

खरी फसगत जीएसटीत होते. समजा, तिन्ही कंपन्यांनी प्रत्येकी ७ लाख दिले. टीडीएस नीट कापला, त्यामुळे सगळं सुरळीत वाटतं. पण जीएसटीची २० लाखांची मर्यादा पैसे घेणाऱ्याच्या पॅनवर मोजतात, देणाऱ्याच्या नाही. इथे बेरीज २१ लाख, म्हणजे नोंदणी बंधनकारक. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर मधल्या बिलांवरचा १८ टक्के जीएसटी कंपनीकडून मागून घेणं अवघड, आणि सरकार तो फ्रीलान्सरकडूनच मागणार.

आणखी एक घोळ म्हणजे बिल एका कंपनीच्या नावाने आणि पैसे दुसरीच्या खात्यातून. अशा वेळी टीडीएस कोणत्या टॅनवर जमा झाला, हे फॉर्म २६एएसमध्ये बघायचं. नाव जुळत नसेल तर रिटर्न भरण्याआधीच कंपनीच्या अकाउंट्स विभागाला ईमेल करून दुरुस्ती मागायची. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.