गोदाकाठचा पेंग्विन

लिनक्स घरी आणायचं ठरवलं की पहिला प्रश्न 'कसं?' हा नसतोच, 'कुठलं?' हा असतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट, पपी... आमच्या पैठणला साडीच्या दुकानात शिरल्यावर होतं, तस्संच! समोर दहा घड्या उलगडलेल्या आणि प्रत्येकीचा तोरा वेगळा. खरं तर आतली वीण सगळ्यांची एकच. लिनुस टॉरवाल्ड्सने 1991 साली लिहायला घेतलेला कर्नल. बदलतात ते काठ आणि पदर, म्हणजे स्क्रीन दिसतो कसा, सॉफ्टवेअर येतं कुठून आणि अपडेट्स किती वर्षं मिळणार. म्हणून दुकानदार विचारतो तेच आधी विचारायचं : नेसणार कोण?

आमच्या घरी पेंग्विन पहिल्यांदा आला तो 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या सीडीवर बसून. डायल-अपच्या जमान्यात अख्खं डिस्ट्रो डाऊनलोड करणं म्हणजे चेष्टाच. मग 2004 मध्ये उबुंटू आलं आणि सीडी चक्क फुकटात टपालाने घरपोच यायला लागल्या. (ही चैन 2011 मध्ये संपली.) त्या काळात डिस्ट्रो निवडताना माझा निकष एकच होता, लोडशेडिंग! जायकवाडीला वीजघर असून गावात अंधार, हा विनोद आम्ही कोळून प्यालो होतो. जुन्या ईएक्सटी-टू पद्धतीच्या डिस्कवर मधेच वीज गेली, की पुढच्या वेळी मशीन आधी सगळी डिस्क तपासत बसायचं. तोवर चहा, नाश्ता, आंघोळ उरकून घ्या. ईएक्सटी-थ्रीमध्ये केलेल्या बदलांची नोंद ठेवायची सोय आली आणि ही वाट पाहणं संपलं.

आता मामला वेगळा आहे. विंडोज-10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. घरातला डेस्कटॉप दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज-11 अधिकृतपणे मागतं टीपीएम 2.0 आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. थोडक्यात, चांगलं चालतं मशीन भंगारात. बाबा म्हणाले, "नवीन घेऊन टाकू." काकू म्हणाली, "आणि माझ्या ऑर्डरी?"

काकूच्या ऑर्डरी म्हणजे पंधरा वर्षांची वही. कुणाला नारळी काठ, कुणाला पदरावर बांगडी मोर, विणकराला किती ॲडव्हान्स दिला, सगळं मराठीत टाईप केलेलं. आणि तेही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये! या फॉन्टची गंमत अशी, की फाईलच्या पोटात मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की 'मोर'चा होतो कचरा.

म्हणून काहीही पुसायच्या आधी सगळ्या फाईल्स आणि तो फॉन्ट वेगळ्या डिस्कवर घेतला आणि पेन ड्राइव्हवरून एकेक डिस्ट्रो नुसतं चालवून पाहिलं. इन्स्टॉल न करता, बरं का. लिनक्सची ही सोय मला सगळ्यात आवडते. साडी खांद्यावर टाकून आरशात बघावी, तशी.

उबुंटू देखणं, पण 4 जीबीत धापा टाकत होतं. पपी वाऱ्यासारखं पळतं, सगळं रॅममध्येच मावतं, पण काकूला ते दिसायला "परकं" वाटलं. सी-डॅकचं बॉस लिनक्स 2007 पासून आहे, डेबियनवर बेतलेलं, भारतीय भाषांचा विचार करून केलेलं. मनापासून आवडावी अशी कल्पना. पण मी परत शहरात गेल्यावर रात्री दहाला काही अडलं, तर उत्तर चटकन सापडायला हवं, आणि तिथे उबुंटूचा गोतावळा मोठा. त्याच गोतावळ्यातलं मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह, शेवटी ठरलं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळे एमएस-सीआयटीत विंडोज शिकलेला माणूसही बुजत नाही. मिंट 22ला अपडेट्स 2029 पर्यंत मिळणार आहेत.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो. रोमनमधून लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम-17-एन ही पॅकेजेस टाका. अक्षरांसाठी 'लोहित' आहेच, रेड हॅटने 2004 मध्ये खुला केलेला फॉन्ट. लोहित म्हणजे लाल! फक्त सिस्टिमची भाषा हिंदी नाही, मराठी निवडा. नाहीतर काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात आणि वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं.

आणि ती वही? जुना फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला, लिबरऑफिस उघडलं, आणि मोर, मुनिया, अस्वली सगळे जागच्या जागी! पण दिसणं वेगळं आणि शोधता येणं वेगळं. 'बांगडी मोर' युनिकोडमध्ये टाईप करून शोधलं तर मशीन म्हणतं, असं काही नाही. त्यामुळे कन्व्हर्टरने एकेक वर्ष युनिकोडमध्ये आणणं चालू आहे. जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. ते काम काकूच करते, कारण गिऱ्हाइकांची आडनावं तिलाच पाठ. सध्या 2016 चाललंय.

टॅलीवर हिशेब असतील किंवा डिजिटल सहीचा टोकन रोज लागत असेल, तर मात्र विंडोजचं एक मशीन घरात राहू द्या. आमच्याकडे अडलं ते प्रिंटरपाशी. गल्लोगल्ली दिसणारा छोटा लेझर प्रिंटर आहे. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर दोन रविवार खाऊनही चालला नाही. नवीन घेणार असाल तर लिनक्सला चालतो का, ते आधी बघा. काकूने स्वतःपुरता मार्ग काढलाय. बिलाची पीडीएफ करते, मोबाईलवर घेते आणि बाजारात जाताना झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते.