फाइल मुलाची, वाचक किती?

शाळाप्रवेशाच्या दिवसांत घरोघरी एक अर्ज भरला जातो. जन्मतारीख, रक्तगट, लसीकरण हे रकाने भराभर उरकतात. मग एक रकाना येतो: 'पाल्यास पूर्वी कोणता आजार अथवा वर्तनविषयक तक्रार होती काय?' येथे पेन थबकते. खरे लिहावे तर लेकरावर शिक्का बसायची भीती, न लिहावे तर वर्गात काही झाल्यास बाईंना कळणार कसे? अनेक आईबाप 'नाही' असे लिहून मोकळे होतात. त्यांना खोटारडे म्हणणे सोपे आहे. पण हा कागद पुढे कुणाकुणाच्या हाती जाणार, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

या लपवाछपवीला इतिहासही आहे. हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत वेडाच्या जोडीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हेही विवाह रद्द करून मागण्याचे कारण होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द काढला गेला. तोवर लहानपणापासून फिट येणाऱ्या मुलीचे दवाखान्यातले जुने कागद तिच्या संसारावर चालून येऊ शकत होते. कायद्यातून शब्द गेला; स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या मनातून तो गेला, असे मात्र म्हणवत नाही.

फिट येणाऱ्या मुलाबद्दल शाळेला काहीच कळू नये, असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. बाईंना माहीत हवे ते एवढेच: मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्याच्या भानगडीत पडू नये, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर तडक इस्पितळ गाठावे. यासाठी अर्धे पान पुरते. मेंदूच्या तपासणीचा अहवाल, घरातल्या इतर आजारांची नोंद, औषधांची यादी हे सारे हजेरीपटाच्या शेजारी ठेवण्याचे कारण नाही. काम भागण्यापुरते सांगावे आणि ज्याचे काम आहे त्यालाच सांगावे, हे आपल्या शाळांतून अजून रुजलेले नाही.

अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याचे असेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ या अक्षमतेला मान्यता देतो. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्या दाखल्यावर मिळतात आणि त्यांचा मुलांना खराखुरा उपयोग होतो. पण त्या दाखल्यामागे बुद्ध्यंकाची चाचणी असते, मानसशास्त्रज्ञाशी झालेले बोलणे असते, कधी घरातली भांडणेही असतात. पर्यवेक्षकाला हवा असतो जादा मिनिटांचा आकडा. त्यासाठी अख्खा अहवाल झेरॉक्स करून कार्यालयात देण्याची पद्धत पडली असेल, तर ती कुणीतरी मोडायला हवी. हल्ली तर झेरॉक्सचीही गरज उरलेली नाही. फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर पाठवला, काम झाले.

कायदा नाही असे नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण त्याने बांधले आहे ते उपचार करणाऱ्यांना. कार्यालयातला कारकून किंवा पालकांचा गट त्यात थेट येत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, तेव्हा दवाखाने आणि शाळा यांना त्यांच्या कामापुरती काही तरतुदींतून सूट देण्यात आली. सूट समजण्यासारखी आहे. जखमी मुलाला तपासण्याआधी डॉक्टरने संमतीचा फॉर्म शोधत बसावे काय? परंतु 'कामापुरती' म्हणजे नेमकी कुठवर, याचे उत्तर प्रत्येक शाळा आपल्या सोयीने देणार, हीच धास्ती आहे.

एक विसंगती तर विलक्षण आहे. बाल न्याय कायदा, २०१५ मधील चोविसाव्या कलमानुसार गुन्हा केलेल्या मुलाची नोंदसुद्धा, काही घोर गुन्हे वगळता, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची असते. त्याला नव्याने उभे राहता यावे, हा त्यामागचा उदार विचार. चोरी करून सापडलेल्या मुलाचा कागद फाडला जातो. आणि सातवीत रात्री झोप येत नाही म्हणून समुपदेशकाकडे गेलेल्या मुलाचा कागद मात्र कपाटात किंवा संगणकात पडून राहतो. तो कधी फाडायचा, याची तारीख बहुधा कुणी ठरवलेलीच नसते.

साठवलेले कधीतरी सांडतेच. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या सार्वजनिक शाळांच्या संगणकांवर २०२३ मध्ये दरोडा पडला. दहा लाख डॉलरची खंडणी शाळांनी दिली नाही, तेव्हा चोरांनी मुलांच्या मानसिक तपासण्यांचे आणि अत्याचाराच्या तक्रारींचे कागद इंटरनेटवर ओतले. फिनलंडमधील 'वास्तामो' या मानसोपचार केंद्राच्या सुमारे तेहेतीस हजार रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या होत्या; २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला पत्र धाडून पैसे मागितले. आपल्याकडे २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे संगणक असेच हल्ल्यानंतर कित्येक दिवस बंद होते. तरीही, आपल्या मुलांची बातमी फोडायला परदेशी चोर कशाला? शिक्षकखोलीतला चहा पुरेसा असतो.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो आपल्याच घरातला. कायद्याच्या लेखी सोळा वर्षांच्या मुलाचे प्रतिनिधी त्याचे पालक. मग समुपदेशकापाशी मुलाने जे सांगितले ते आईबापांना कळावे की नाही? 'आमच्याच पोराचे आमच्यापासून काय लपवता?' हा संताप मी समजू शकतो. पण सगळे घरी कळणार हे ठाऊक असलेले मूल दुसऱ्या भेटीला येत नाही, आणि आले तरी अभ्यासाच्या वेळापत्रकावरच बोलते. अर्थात काही गोष्टी पोटात ठेवता येणारच नाहीत. मूल जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असेल तर घरच्यांना सांगावेच लागेल. लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा पोलिसांना कळवणे सक्तीचे करतो. बाकी मित्राशी बिनसले, वडिलांची भीती वाटते, एखादी मुलगी आवडते, हे त्या खोलीतच राहावे. काय इथेच राहील आणि काय बाहेर सांगावे लागेल, ही सीमा समुपदेशकाने पहिल्याच भेटीत, मूल तोंड उघडण्यापूर्वी, त्याला कळेल अशा साध्या मराठीत सांगावी. आणि त्या वेळी आईबापांनाही समोर बसवावे.